काट्यावरचं ताट

आमच्या गावात संशोधन फार पिकते. बाभुळगावच्या स्टँडवरून ऑटो करा आणि जिथे एखादी पोरगी पाठीवर बॅग लटकवून एखाद्या म्हातारीला प्रश्न विचारताना दिसेल तिथे उतरा, तेच आमचं गाव. एकजण आला आणि पऱ्हाट्या घेऊन गेला. कापूस निघाल्यावर शेतात ज्या वाळल्या काड्या उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या, आम्ही चुलीत घालतो. त्याने त्यांचा भुगा केला, दाबून ताटल्या बनवल्या आणि आम्हालाच आणून दाखवल्या. चुलीतलं सरपण जेवणाखाली आलं, याला म्हणे शोध म्हणतात. दुसरा माती घेऊन गेला, ती अजून परत आली नाही. एका बाईला आमचं दुःख पाहिजे होतं, तेही एक ते पाच आकड्यांत. शेजारच्या बेबीताईने पाच सांगितले, म्हणून मी दोन सांगितले. तिच्याइतकं रडगाणं माझ्या घरी नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण घर मी चालवते, आणि आमचे मारोतराव चालवू देतात. नाव लिहिलं तर चालते, तोंडाने मी अजून घेत नाही.

तर या सगळ्यांत एक अर्पिता आली. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजात ती पीएचडी करत होती. खेड्यातली बाई खाते किती आणि तिच्या अंगात रक्त किती, हा तिचा विषय. आधी तिने नर्सबाई आणून आम्हा बायांचं रक्त काढून नेलं. मग एक छोटा वजनकाटा घेऊन एकेका घरात तीन-तीन दिवस बसली. ताट वाढलं की आधी काट्यावर, मग पुढ्यात. उरलं ते पुन्हा काट्यावर.

मला हे काही पटलं नव्हतं. कापूस जिनिंगवर मोजावा, तूर बाजारात मोजावी. जेवणाऱ्याचं ताट मोजणं म्हणजे त्याच्या घासावर डोळा ठेवणं. पण पोरगी वळणाची होती, आणि बाकीच्यांसारखी मला आजी न म्हणता काकू म्हणाली, म्हणून घरात घेतली.

"काकू, एकच लक्षात ठेवा," ती म्हणाली. "रोज जेवता तसंच जेवायचं. माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही."

मी हो म्हटलं. सगळ्या गावाने हो म्हटलं. हो म्हणायला काय जाते. पण परकी लेक घरात बसली असताना तिच्यापुढे रोजचं वाढणं म्हणजे तिला ऊठ, जा म्हणणं. मी पहिल्या दिवशी पुरण घातलं, दुसऱ्या दिवशी वडा-भात केला, तिसऱ्या दिवशी कढी-गोळे आणि वर शिरा. बेबीताईकडे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लागले, तूप इतकं की हाताला लागलेलं संध्याकाळपर्यंत निघालं नाही, असं तिनेच मला येऊन सांगितलं. जैबुनबीने कोंबडी कापली. अर्पिता सगळीकडे म्हणायची, काकू हे रोज असते का. सगळीकडे उत्तर एकच, हो वो बाई, रोजच.

आणि पाहुणी एकटी जेवत नाही. तिला सोबत म्हणून घरची सून बसते. म्हणून माझी सून नयन तीन दिवस पहिल्या पंगतीला बसली. पाहुणी जेवढं घेईल तेवढं तिनेही घ्यायचं, नाहीतर पाहुणी लाजते. अर्पिताने सगळं मोजलं, सगळं लिहिलं आणि आमच्या पाया पडून गेली. आम्हालाही बरं वाटलं. एका पोरीच्या शिक्षणाला आपला हात लागला.

कापसाची वेचणी जोरात होती तेव्हा ती परत आली. ओसरीवर बसली आणि पाणी दिलं तर हातात तसंच धरून राहिली. मग सांगितलं. तिचे मोठे सर तिच्यावर भडकले होते. ताटाच्या हिशेबाने या गावच्या सुना नागपूरच्या डॉक्टरणींपेक्षा चांगलं खातात, आणि रक्त पाहावं तर पाण्यासारखं. एकाच बाईचं दोन्ही खरं कसं असेल. रक्त मशीनने मोजलेलं, ते काही खोटं बोलणार नाही. म्हणजे ताटं खोटी. सरांचं म्हणणं, ही गावात गेलीच नाही, यवतमाळच्या लॉजवर पडून हिने आकडे भरले. गुरुवारी ते स्वतः गावात येणार होते. त्यांना पटलं नाही तर हिचं नाव कापणार, आणि इतक्या वर्षांचं शिक्षण मातीत.

"सगळ्यांत कमी रक्त नयनवहिनीचं आहे," ती हळूच म्हणाली. "आणि सगळ्यांत भारी ताटही त्यांचंच."

नयन आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

अर्पिताचं मागणं एवढंच की मी सरांना खरं सांगावं. गाव तुमचं ऐकते, असंही म्हणाली. पोरगी हुशार आहे हे मला तेव्हा कळलं.

पण सांगायचं काय, तेही पाहा. आमच्याकडे कमी काही नाही. ज्वारी घरची, तूर घरची. तरी रोज उठून तुपात कोण लोळते. वरण, भाकर, जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. हे खाणं काही वाईट नाही. पण ते परक्या माणसाला सांगायचं नसते, जसं आपलं लुगडं आतून कुठे शिवलं आहे ते सांगायचं नसते. आणि मी एकदा खोटी ठरले म्हणजे बेबीताई ते माझ्या नातवांच्या लग्नापर्यंत पुरवून वापरणार.

रात्री मारोतरावांना विचारलं. ते म्हणाले, सांगून टाक, त्यात काय जाते. त्यांचं खरंच काही जात नव्हतं. गावात घराचं नाक म्हणून जे आहे ते माझ्या तोंडावर आहे.

सकाळी मी बायांना ओसरीवर जमवलं. त्या पोरीचं सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं. जैबुनबीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या बोलल्या की सरांना खरं सांगू, आपण रोज चटणी-भाकर खातो म्हणून सांगू, पोरीवर आळ नको. एवढं ठरलं, आणि त्याच दमात बेबीताई म्हणाली, "पण सर जेवतीन कोणाकडे? मी पुरण टाकते बाप्पा. मोठा माणूस हाय."

जैबुनबी म्हणाली बिर्याणी तिच्याकडे. तिसरी म्हणाली गोड माझ्याकडून. आणि मी काय केलं असेल? सर उतरणार तर माझ्याच ओसरीवर. मी बेबीताईला सांगितलं की तुझं पुरण तुझ्याच घरी ठेव, माझ्याकडे गंजभर, चांगली पातेलंभर डाळ भिजली आहे.

गुरुवारी सर आले. कारमधून उतरले ते नाक वर करूनच, आणि नाक वर असलं की वास लवकर येतो. बाया रांगेने बसल्या होत्या. एकेकीने ठरल्याप्रमाणे सांगितलं की साहेब, आम्ही गरीब, चटणी-भाकरीवर दिवस काढतो. आतून वेलचीचा वास, पलीकडून बिर्याणीचा. बेबीताईचा नातू दाराशी उभा राहून पोळी खात होता, तिच्यातून तूप गळत होतं.

सर हसले. अर्पिताकडे वळून म्हणाले की, छान शिकवून ठेवलं आहेस सगळ्यांना. मग मला म्हणाले, "आजी, आता तरी खरं सांगा. ही मुलगी तुमच्या घरी राहिली होती का?"

आजी. त्यांचे केस माझ्याहून पांढरे.

अर्पिता बाजूला उभी होती. बॅगेचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, बोलून तर आता पाहिलं, आणि आमच्या बोलण्याची किंमत त्या वासाने घालवली. पुरण चुलीवरच होतं. ते वाढलं तर पोरगी गेली. नाही वाढलं तर मी गेले.

मी आत जाऊन नयनला म्हटलं, पुरण झाकून ठेव.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने गंजावर परात घातली.

बाहेर येऊन मी सरांना सांगितलं की जेवण आमच्याकडेच होईल, पण जरा बसावं लागेल. पाहुणे दारात असताना त्यांना बसवून आधी घरच्यांना वाढणं, हे या गावात कोणी पाहिलं नव्हतं. मी दाखवलं. मारोतराव आणि माझा संजय शेतातून आले, त्यांना वाढलं. सकाळचा स्वयंपाक रोजचाच होता, पुरण काय ते पाहुण्यासाठी. मारोतरावांना घास गिळेना, ते सारखे सरांकडे बघून या म्हणत होते, मी डोळे वटारले तेव्हा जेवले. मग नातवंडं जेवली. संजयने पुन्हा वरण मागितलं, त्याला दिलं. मग मी बसले. अख्खी ओसरी मला जेवताना पाहत होती. मी सावकाश जेवले.

ऊन ओसरीच्या खाली उतरलं. सर घड्याळ पाहून पाहून थकले. तेव्हा मी त्यांना आत बोलावलं, चुलीजवळ नयनच्या जागेवर पाट टाकला आणि नयनला म्हटलं, तुझं ताट वाढ, यांना दे.

तिने वाढलं. टोपलीत अर्धी भाकर उरली होती आणि एक करपलेला तुकडा. वरणाचा गंज तिने तिरपा केला, वरचं पाणी आलं. चटणी होती. अर्पिताने सवयीने ताट हातात घेतलं, काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि सरांपुढे सरकवलं.

"हे काय?" सर म्हणाले.

"माह्या सुनेचं ताट," मी म्हटलं. "तुमाले रोजचं पाह्याचं होतं ना. ते असं. इचं रक्त तुमच्या मशीनीनं बरोबर मोजलं. अन् ही पोरगी आली तवा आमी जे वाढलं ते पाहुणीचं होतं, ते तिनं बरोबर मोजलं. तिचा काटा खोटा नाही. आमचं ताट खोटं होतं."

ओसरीवर बेबीताईने हे ऐकलं. आणि तिने ते ऐकलं हे मीही ऐकलं.

सरांनी ताटाकडे पाहिलं, मग नयनकडे. मी हे खाल्लं तर तुम्ही काय खाल, असं त्यांनी तिला विचारलं.

"मले भूक नाही," नयन म्हणाली.

ती हे रोज म्हणते. इतक्या सफाईने म्हणते की मीच कधी वळून पाहिलं नाही. मीही सासूच्या हाताखाली असताना असंच म्हणत होते, आवाजसुद्धा तोच. तेव्हा मोजायला कोणी आलं नाही. आलं असतं तर सासूबाईंनी पुरण घातलं असतं.

सर खाली बसले आणि ते सगळं खाल्लं, करपलेला तुकडासुद्धा. मी पुरण काढलं नाही. ते कारमध्ये बसेपर्यंत काढलं नाही. गावात आजही सांगतात की कोकिळाबाईने नागपूरच्या साहेबाला अर्ध्या भाकरीवर वाटेला लावलं, आणि हे सांगताना बेबीताई इतकी मनापासून हळहळते की तिला भूक लागते.

अर्पिताचं नाव कापलं नाही. उलट सर म्हणाले की पाहुण्यासमोर ताट कसं बदलते, हाच एक धडा तुझ्या पुस्तकात घाल. म्हणजे आमचं खोटंही कामी आलं, छापूनसुद्धा येणार. फक्त रोजचं ताट पुन्हा मोजावं लागेल, आणि या वेळेस परकं माणूस घरात नको. म्हणून अर्पिताने काटा नयनच्या हाती दिला, कसं मोजायचं, कसं लिहायचं ते शिकवलं. बेबीताईच्या घरचा काटा तिच्या सुनेकडे.

आता माझ्याच घरात माझी सून माझी भाकर मोजते. मी काही बोलत नाही, शिक्षणाचं काम आहे.

पण आकडा शेवटी जाणार नागपूरला. तिथे बसून तो साहेब दोन्ही घरची पानं शेजारी शेजारी ठेवणार, आणि त्यात माझ्या सुनेचं ताट बेबीताईच्या सुनेपेक्षा हलकं भरणार, हे मला चालणार नव्हतं. काल दुपारी मी नयनला आधी बसवलं. दोन भाकरी, घट्ट वरण, अंबाडीची भाजी, आणि वरून तूप. ती म्हणाली की आई, हे रोजचं नाही, अर्पिताताईने रोजचं लिहायला सांगितलं आहे.

"मंग उद्याही हेच खाय," मी म्हटलं, "म्हणजे रोजचं होईल."

तिने ताट काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि जेवायला बसली. मारोतराव बाहेर हातपाय धुऊन कधीचे उभे होते. वाढता काय, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, थांबा थोडं, संशोधन चालू आहे.