डांगऱ्याची एकादशी

मेघा माहेरी निघाली.

निघाली म्हणजे पोळ्यासाठी पिशवी भरली आणि दारामागच्या खुंटीला टांगली. तेवढ्यात डांगऱ्याने घरामागच्या सांदवाडीत मूत केलं आणि त्याला मुंग्या लागल्या.

डांगऱ्या म्हणजे घरचा बोका. पिकल्या डांगर-भोपळ्यासारखा पिवळा, तसाच गोल. धानाच्या पोत्यांमागे त्याची सत्ता होती आणि अड्याळच्या त्या आळीत एकही उंदीर म्हातारा होऊन मेला नव्हता. पण आखाडापासून तो म्हशीच्या टाक्यातलं पाणी पीत सुटला होता. खायचा चौघांचं आणि वाळत चालला होता. मुंग्या पाहून मेघाला आपला आजा आठवला. त्याचंही असंच झालं होतं.

भंडाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरने कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. "शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आधी खाऊ द्या, मग टोचा. भात बंद, दूध बंद. मासोळी, अंडी चालतील. वेळ चुकवायची नाही. कोण देणार?"

टेबलावर बोक्याला मेघाने धरलं होतं. म्हणून मेघा देणार. कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही. पिशवी खुंटीवरच राहिली.

*

मेघा माहेरी निघाली.

या खेपेला भाऊबीज होती. भाऊ लाखांदूरहून मोटरसायकल घेऊन दारात आला. पण संध्याकाळची सुई होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळची. शेवटी ओवाळणी सासरच्याच ओसरीवर झाली. डांगऱ्या ताटाशेजारी बसून करंज्यांकडे पाहत होता.

जाताना भाऊ म्हणाला, "बाई, मंडईले तरी ये. मंडई झाली का आम्ही नागपूरले राहाले चाललो. आईबाबाही. घराले कुलूप."

दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. गावातल्या लेकी त्या दिवसासाठी येतात. जिची मंडई चुकली तिच्या नावाने आई ताट वाढते आणि मग गाईला घालते. मेघाच्या नावाची तीन ताटं गाईने खाल्ली होती. एक कापणीपायी, एक सासूच्या मोडलेल्या पायापायी, एक अशीच, कोणाला कारणही आठवत नव्हतं.

"तुमी द्या ना सुई, एक दिवस," ती नवऱ्याला म्हणाली.

भूपेंद्र राईस मिलवर कामाला होता. "तुले जमते ना, मंग तूच दे. माह्या हात जड हाय."

"पोतं उचलाले कसा हलका होते?"

भूपेंद्र हसला आणि शर्ट झटकून मिलवर गेला.

*

म्हशीचं दावं दिसतं तरी. खुंट्यापासून कुठवर जाता येईल ते म्हशीला ठाऊक असतं. मेघाचं दावं सुईएवढं बारीक होतं. हळदीकुंकवाला गेली तर ऊन कुठवर उतरलं ते पाहायची. मोहाडीला मावसभावाच्या घरी बारसं होतं, तिथे पाळण्याची दोरी ओढली आणि न जेवता परतीची बस गाठली. झोपेतसुद्धा बोक्याच्या मानेची सैल कातडी तिच्या चिमटीत असायची.

कोजागिरीपासून कार्तिकाचे नेम लागले तसं आणखी आवळलं. सासू उषाबाईच्या गळ्यात माळ होती. कार्तिकात घरात मासोळी शिजत नसे. मेघाने सांदवाडीत तीन विटा मांडल्या आणि बोडीच्या तळ्यातली बारीक मासोळी तिथे उकडू लागली. धूर डोळ्यांत, वास केसांत. उंबरठ्यापाशी पाय धुवायचे, मग आत यायचं.

"एवढीशीच?" उषाबाई दारातून म्हणायची. "पाह्य बापा, पोट खपाटीले गेलं त्याचं."

"डॉक्टरनं सांगतलं तेवढीच, आत्याबाई."

"डॉक्टर का त्याची माय हाय?"

आणि पोळ्यापासून शुगर काही उतरेना. डॉक्टरने एकदा डोस वाढवला. पुन्हा वाढवला. "खाण्यात काही जात आहे का दुसरं?"

"नाही," मेघा छातीठोकपणे म्हणाली. मासोळी तर तीच मोजूनमापून घालत होती.

*

मेघा माहेरी निघाली.

या खेपेला खरंच. सासरे यादोराव पुढे आले होते. "मी देतो सुई. बैलाले टोचलं मी. बोका काय चीज हाय?"

त्यांनी दोडक्यावर हात बसवला. सुईत पाणी भरून चार दोडके टोचले. रात्री त्यांची भाजी झाली तर उषाबाईने ताट सरकवलं. "दवाखान्यातून आलेला दोडका मी नाही खात."

लाखांदूरची मंडई कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होती. एकादशीला सकाळी मेघाने बोक्याला मासोळी घातली, सुई दिली, संध्याकाळचा वाटा झाकून ठेवला. एक रात्र. उद्याची सकाळही यादोराव निभावणार होते. ती स्टॅंडवर पोहोचली. पवनीची बस समोर उभी होती. पायरीवर एक पाय ठेवला तोच फोन वाजला.

"मेघा," यादोरावांचा आवाज फाटला होता. "डांगऱ्या दारू प्यायल्यावानी चालून राहिला. आता पडला. पाय झाडते."

पायरीवरचा पाय खाली आला.

ती पळत घरी आली. बोका जमिनीवर आडवा, डोळे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं. तिने गूळ पाण्यात कुसकरला, बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. परत घेतला, परत चोळला. उषाबाई जपमाळ घट्ट धरून भिंतीला टेकली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग खरखरीत जीभ मेघाच्या बोटाला लागली.

"सकाळी खाल्लं होतं ना यानं?" मेघा ओरडली. "मंग शुगर इतकी पडली कायनं?"

उषाबाई भिंतीपासून पुढे आली. मग बोलली.

"तू आंगोळीले गेली का मी त्याले दूधभात घालत होती. रोज. पायात घोटाळते, रडते. मले नाही पाहावत." तिने डोळ्यांना पदर लावला. "आज एकादस. घरात भातच नाही शिजला."

मेघाला हिशोब लागला. चोरून घातलेल्या त्या भाताने शुगर वाढत होती. वाढली म्हणून डॉक्टरने सुई वाढवली होती. आज सुई तेवढीच गेली आणि भात उपासाला बसला.

"जहर तं नाही देलं वं मी," उषाबाई म्हणाली. "भातच देला."

मेघाने डॉक्टरला फोन लावला. तो आधी रागावला, मग म्हणाला, "जवळ बसा. थोडं थोडं खाऊ घाला. संध्याकाळी नीट खाल्लं तरच टोचायचं, आणि निम्मंच."

यादोरावांनी हात मागे घेतले. "मी नाही देत बापा आता. जीव गेला असता माह्या हातून."

उषाबाई म्हणाली, "तू नको जाऊ, मेघा. पुढच्या वर्षी जाशीन."

पुढच्या वर्षी तिथे कुलूप असणार होतं. हे तिघांनाही माहीत होतं.

दुपार सरेतो मेघा बोक्यापाशी बसली. तो उठला, चालला, टाक्यापाशी जाऊन पाणी प्याला, परत येऊन तिच्या मांडीत चढला आणि नखं रोवून झोपला. पिशवी दारामागे खुंटीवर परत गेली होती. कोणी टांगली? तिने तर नाही.

ती उठली. बांबूची झाकणाची टोपली झटकली, तळाला जुनं लुगडं घातलं. थर्मासात बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. डब्यात मासोळी. पदराच्या गाठीत गूळ.

"काय करून राहिली?" उषाबाईने विचारलं.

"माहेरी चालली."

"आन् डांगऱ्या?"

"थोही चालला."

*

पवनीला बस बदलली. लाखांदूरची बस एकादशीच्या माणसांनी भरलेली, कोणाच्या कपाळी बुक्का, कोणाच्या हातात केळी. टोपलीतून आवाज आला तसा एक म्हातारा ताडकन उठला.

"मांजर! परवासात मांजर! उतरवा त्या बाईले!"

कंडक्टर टोपलीवर वाकला. "आडवी गेली तं अपशकुन, बाबाजी. हे तं सोबत चाललं. याचं पंचांगात काहीच नाही." लोक हसले. "बाई, याचं अर्धं तिकीट फाडू का?"

"फाडा," मेघा म्हणाली. "पण बसू द्या."

ऊन धानाच्या बांध्यांवरून उतरत गेलं. मेघाने ते उतरताना पाहिलं. खिडकी वेगळी होती, पाहणं तेच. वाटेत एका फाट्यावर बस खोळंबली आणि लाखांदूर अजून लांब असतानाच सुईची वेळ झाली.

आधी खाणं, मग सुई.

तिने डब्यावर हात ठेवला. मागे दोन बाया अभंग म्हणत होत्या. शेजारची उपासाचे दाणे खात होती. मेघाने डोळे मिटले आणि झाकण काढलं.

मासोळीचा वास बसभर गेला. अभंग थांबला.

"अवं एकादस हाय!" "लाज हाय का काही!" "फेका थो डबा!"

"बिमार हाय जी," मेघा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "शुगर हाय याले. खाल्ल्याबिगर सुई देता येत नाही. सकाळी मरत होता. उतरवाचं तं उतरवा, पण याचं खाणं होऊ द्या."

डांगऱ्याने डबा चाटूनपुसून साफ केला. तिने सुई भरली. निम्मी. पण बस खड्ड्यांतून उसळत होती आणि टोक कातडीवर ठरेना. एकदा प्रयत्न केला, सुई मागे घेतली. परत केला, परत मागे घेतली.

कंडक्टरने दोरी ओढली. टण्. बस धानाच्या बांध्यांमधे उभी राहिली, इंजिनही बंद झालं.

"द्या," तो म्हणाला. "लवकर द्या."

मेघाने मानेची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. पदराने नाक झाकलेल्या बाया, उठून उभा राहिलेला म्हातारा, मान वळवलेला ड्रायव्हर, कोणी हललं नाही. तेवढा वेळ अख्खी बस तिच्या दाव्याला बांधलेली होती.

मग घंटी दोनदा वाजली.