गाडी बसली

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, चंद्रप्रकाश शेठच्या कारखान्यात लवू परब ड्राफ्ट्समन होता. ड्राफ्ट्समन म्हणजे काय, तर पाण्याच्या टाक्या, खिडक्यांचे ग्रिल आणि ट्रकचे फाळके कागदावर काढणारा माणूस. लवू मात्र ओळख करून देताना 'मी डिझाइनला असतो' असं सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, साड्यांचं डिझाइन. बोरिवलीला तो राहायचा त्या चाळीत दोन बायकांनी त्याच्याकडून ब्लाउजच्या बाहीवरची वेलबुट्टी काढून घेतली होती, आणि ह्या बाबाने ती टी-स्क्वेअरची पट्टी लावून काढूनही दिली होती. वेल अशी आली होती की बाही घातलेली बाई लोखंडी जिन्यावर उभी आहे असं वाटावं.

तर ह्या लवूच्या डोक्यात दोन वर्षं एक गाडी फिरत होती. बॉयलर, ट्रान्सफॉर्मर असलं अवजड सामान नेणारा ट्रेलर. असल्या गाडीची गोम अशी, की चाकं लांब-लांब असली तर ओझं डुगडुगत नाही, पण उपनगरातल्या चिंचोळ्या पुलावर गाडी शिरत नाही. चाकं जवळ-जवळ घेतली तर पुलावर शिरते, पण वळणावर कलंडायला बघते. लवूचं म्हणणं, मग चाकंच आत-बाहेर होऊ द्या की. पाइपात पाइप, ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखा. जॅकने ढकलला की चाक बाहेर, ओढला की आत, आणि पिन ठोकली की जागच्या जागी पक्कं. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली कशी नाही, ह्याचं त्याला फार आश्चर्य वाटायचं. परदेशात ती कित्येकांना सुचून जुनी झालेली असेल, हे त्याला कधी सुचलं नाही.

चंद्रप्रकाश शेठ मूळचे कानपूरकडचे, पण मरोळात इतकी वर्षं काढलेली की शिव्या मराठीतूनच द्यायचे. लवूच्या गाडीवर त्यांनी पुष्कळ शिव्या दिल्या आणि शेवटी पैसे लावले. कारण माणिकराव म्हणून एक ट्रान्सपोर्टवाले त्यांना भेटले होते. अवजड माल हलवणं हाच माणिकरावांचा धंदा. ते म्हणाले, दहिसरला नदीपलीकडे रंगाच्या कारखान्यात माझा एक बॉयलर जायचाय, मध्ये पूल आहे चिंचोळा. तुमच्या गाडीने तो नेऊन दाखवा. पोचला तर आणखी पाच गाड्या घेतो.

शेठने लवूला बोलावून सांगितलं, "गाडी पोचली तर तुला केबिन, दारावर तुझं नाव. नाही पोचली, तर ती हलणारी चाकं भंगारात आणि तू जन्मभर टाक्या काढ. कळलं ना?"

केबिनचं लवूला काही नव्हतं. म्हणजे होतं, उगाच खोटं कशाला बोला, दारावर 'ल. वि. परब' कुठल्या अक्षरात लिहायचं हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं. पण खरी हाव वेगळी होती. इतकी वर्षं त्याने जे जे काढलं ते सगळं एका जागी उभं राहिलं होतं. टाकी गच्चीवर, ग्रिल खिडकीत. आपल्या डोक्यातून निघालेली एक तरी वस्तू जगात हलताना दिसावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याला ती चाकं हवी होती.

बॉयलर निघायच्या दिवशी लवू गाडीबरोबर गेला नाही. ऑफिसात फार काम आहे म्हणाला. काम कसलं, डोंबल. गाडी अडकलेली डोळ्यांनी बघायची त्याला भीती वाटत होती. त्याऐवजी ड्रायव्हर धोंडूला त्याने सकाळी पुन्हा एकदा पढवलं. धोंडू त्याच्याच मालवणकडचा, वयाने बरोबरीचा.

"पुलाच्या अलीकडे चाकं आत घ्यायची. पूल ओलांडला रे ओलांडला की लगेच बाहेर काढायची. लगेच. पुढे वळण आहे, तिथे गाडी रुंदच पाहिजे."

"समाजला रे बाबा, कितीदा सांगशीत?" असं म्हणून धोंडूने गाडी काढली.

मग लवू ड्रॉइंग बोर्डासमोर बसून राहिला. दोन महिने कारखान्यात एकच प्रश्न चालला होता. चहा देणाऱ्यापासून शेठपर्यंत जो तो विचारायचा, "काय परब, पुलावर गाडी बसेल ना?" आणि लवू सांगायचा, "बसेल." झोपेत कूस बदलतानाही तो 'बसेल' म्हणायचा, अशी बायकोची तक्रार होती.

दुपारी जेवायच्या वेळेला शेठच्या टेबलावरचा फोन वाजला. शेठने लवूला हाक मारून रिसीव्हर त्याच्या हातात दिला. लाइनवर नुसती खरखर, आणि तिच्यामागे धोंडूचा आवाज.

"लवू? गाडी बसली रे."

"काय म्हणालास?"

"गाडी बसली. पुलार..." पुढे पुन्हा खरखर, आणि मग एकदम स्वच्छ, "तू येतंस मां?" आणि फोन तुटला.

लवूने रिसीव्हर खाली ठेवला. शेठकडे वळून म्हणाला, "शेठ, बसली."

शेठ खुर्चीतून उठले आणि त्यांनी लवूला चक्क मिठी मारली. मरोळ नाक्यावरून पेढे मागवले गेले. झेंडूचा एक हारही आला. फॅब्रिकेशनमधली माणसं हात पुसत येऊन पेढा घेऊन गेली, आणि लवूने प्रत्येकाला, न विचारता, पाइपात पाइप कसा जातो ते समजावून सांगितलं. एका मशीनवाल्याला तर दोनदा सांगितलं. बिचारा दुसऱ्या पेढ्याच्या आशेने थांबला होता.

"घरी कळव," शेठ म्हणाले. "मग निघू. हार आपण आपल्या हाताने घालू गाडीला."

चाळीखालच्या वाण्याकडे फोन होता. वाण्याने वनमालाला हाक मारून बोलावलं. बायकोला मोठ्या बातम्या थोडक्यात सांगाव्यात असं लवूला वाटायचं. त्याची तालीम झाली नव्हती, कारण मोठी बातमी आजवर नव्हतीच.

"वनमाला, गाडी बसली," तो म्हणाला.

मग ती हळूच म्हणाली, "असू दे हो. कुणाला लागलं नाही ना? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

लवू हसला. "अगं वेडे, बसली म्हणजे पुलावर नीट बसली. मावली."

"मग तसं सांगा की. माणूस घाबरतं ना. मला वाटलं, खाली बसली. परवा त्या डंपरचा मागचा टायर बसला होता ना नाक्यावर, तशी."

लवूच्या तोंडात पेढा होता तो तसाच राहिला. गाडी पुलावर मावली, तर धोंडू फोन कशाला शोधत बसेल? तो आपला पुढे जाईल. आणि मालवणचा माणूस आनंदाची बातमी सांगताना 'तू येतंस मां' असं रडक्या सुरात विचारेल? लवूला सगळं एकदम कळलं. तशी अक्कल त्याला होती. ती पेढे वाटून झाल्यावर यायची.

आता खरं म्हणजे तिथल्या तिथे शेठला सांगायला हवं होतं. पण शेठ फियाटचं दार उघडून उभे, हातात हार, आणि चेहऱ्यावर असा आनंद की सांगायची छाती होईना. जाऊ दे, कदाचित मावलीच असेल, असं म्हणत लवू गाडीत बसला. हायवेने दहिसरपर्यंत शेठ पुढच्या पाच गाड्यांना कुठला रंग द्यायचा ते बोलत होते. लवू 'हो' म्हणत होता. जोगेश्वरीला निळ्याला हो म्हणाला, गोरेगावला पिवळ्याला. बोरिवलीच्या पुढे शेठने विचारलं, "तुला घाम का येतोय एवढा?" त्यालाही तो 'हो' म्हणाला.

नदीजवळ आले तर पुलावर ट्रेलर नव्हता. पूल त्याने झकास ओलांडला होता. पलीकडे, म्हशींच्या तबेल्यांसमोर, ट्रेलर उजव्या अंगाला झुकून उभा होता आणि त्याची उजवीकडची चाकं रस्त्याकडेच्या मातीत अर्धीअधिक रुतली होती. तिथे कधीतरी चर खणून वरवर बुजवलेला होता. बॉयलर साखळ्यांत अडकून तिरका लटकला होता. माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे होते. शेठ झेंडूचा हार घेऊन गाडीतून उतरले, आणि बघ्यांतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, कुणीतरी गेलं. त्याने टोपी काढली.

"ही बसली?" शेठने लवूकडे वळून विचारलं. "अरे, ही अशी बसली?"

शेठने वाकून रुतलेली चाकं बघितली.

"चाकं बाहेर काढायला कुणी सांगितलं होतं इथे?"

धोंडू खाली मान घालून उभा होता. तो बोलणार नाही हे लवूला ठाऊक होतं. गावचा माणूस गावच्या माणसाचं नाव असं चारचौघांत घेत नाही. गप्प राहिलं असतं तर निभावलंही असतं.

"मी सांगितलं," लवू म्हणाला. "पूल ओलांडला की लगेच, असं सांगितलं होतं मी."

"रस्ता किती रुंद आहे ते बघितलं होतंस?"

"पूल मोजला होता, शेठ."

"आणि रस्ता? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे, गाडीबरोबर रुंद व्हायला?"

लवूच्या ट्रेसिंग पेपरवर चाकांच्या बाहेर सगळं पांढरं होतं, आणि पांढरं कधी खचत नाही.

मग लवूने चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरला. लाज इतकी वाटत होती की गाडीखाली जाणं त्याला बरंच वाटलं असावं. तबेल्यातल्या माणसांनी लाकडी ओंडके आणून दिले. धोंडूने आणि त्याने जॅक लावून ती बाजू थोडी-थोडी उचलली, खाली ओंडके सारले, पुन्हा उचलली. अंगावर माती, शेण आणि ग्रीस. शेवटी चाकांखाली लाकडाची जमीन झाली तेव्हा लवू ओरडला, "धोंडू, अगदी हळू पुढे घे," आणि स्वतः चाकं आत ओढायच्या जॅकचा दांडा मारू लागला.

मरोळला त्याने हा खेळ शंभरदा केला होता, पण रिकाम्या गाडीवर. इथे डोक्यावर अख्खा बॉयलर होता. पाइप कुरकुरला, थांबला, आणि मग सरकू लागला. चाकं फिरता-फिरता आत येत होती, एवढं ओझं घेऊन, मुकाट्याने, त्याने कागदावर काढली होती तश्शी. लवू पालथा पडून बघत होता. त्याला रडू आलं. कशाचं म्हणाल तर आनंदाचं, सरळ आनंदाचं. केबिन जायच्या बेतात होती आणि हा माणूस गाडीखाली पडून आनंदाने रडत होता. धोंडूने वाकून विचारलं, "रे, लागला काय?" लवूने नुसता हात हलवला.

चाकं आत आल्यावर ती पुन्हा बाहेर काढायची हिंमत कुणाला झाली नाही. तशीच गाडी पुढे निघाली. वळण आलं. लवू बाजूने चालत होता, त्याचा जीव मुठीत. गाडी वळली. डुगडुगली नाही, कलंडली नाही, तोऱ्यात वळली आणि संध्याकाळच्या आत रंगाच्या कारखान्याच्या फाटकातून आत गेली.

बॉयलर उतरल्यावर माणिकराव शेठला म्हणाले, "गाडी पोचली. मी शब्दाचा माणूस आहे, पाच घेतो. परब, गाडी फर्स्ट क्लास आहे तुमची. बूड किती खाली ठेवलंय, ओझं हलतच नाही."

लवूचा चेहरा फुलला.

"फक्त ती चाकं हलायला नकोत," माणिकराव म्हणाले. "आत आहेत तिथेच वेल्ड मारून टाका. पाचांनाही, आणि हिलाही."

"पण साहेब," लवू म्हणाला, "वळणावर..."

"वळली की आत्ता. तुमच्यादेखत वळली. मग बाहेर काढायचीत कशाला? हलणारी वस्तू हाताशी असली की माणूस ती हलवणारच. आज एक रुतली."

खरंच होतं ते. गाडी कलंडेल ह्या धास्तीने त्याने बूड उतरवलं होतं, आणखी उतरवलं होतं, आणि मनाचं समाधान होईना म्हणून वर आणखी एक बोट उतरवलं होतं. तिला रुंद व्हायची गरजच ठेवली नव्हती. आपली कल्पना कुणी मारली ह्याचा शोध घ्यायचा, तर दूर जायची जरूर नव्हती.

"एका तरी गाडीची राहू द्या, शेठ," तो म्हणाला. आपला आवाज भीक मागितल्यासारखा येतोय हे त्यालाही ऐकू आलं.

"कशाला?" शेठने विचारलं. रागाने नाही, खरोखरच कळावं म्हणून.

लवू त्या चाकांकडे बघत राहिला. शेठने त्याच्या चिखलाच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी केबिन पक्की," ते म्हणाले. "बस?"

दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रेलर मरोळला आला. कारखान्यातला वेल्डर कुंडलिक होल्डर घेऊन गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "कुटं मारू, साहेब?" साहेब म्हणायला लोकांनी कालपासून सुरुवात केली होती.

त्या पाइपाला कुठे धरलं तर तो कायमचा धरला जाईल, हे लवूखेरीज कुणाला माहीत असणार? तो खडू घेऊन खाली गेला आणि एकेका चाकापाशी खुणा करत सुटला. "नुसते टाके नको घालूस," त्याने कुंडलिकला सांगितलं. "गोल फिरव सगळीकडून. आणि इथे आतल्या बाजूला एक पट्टी घे, नाहीतर ओझ्याखाली सुटेल."

काम झाल्यावर तपासायला हवं होतं, आणि तपासणं डिझाइनरचं काम. लोखंड निवल्यावर लवूने स्वतः जॅक लावला आणि दांड्यावर सगळं अंग टाकून ढकललं. थांबून पुन्हा ढकललं. एकदा, फक्त एकदा, आपलं गणित चुकलेलं असू दे, असं त्याला मनापासून वाटत होतं. पाइप तसूभर हलला नाही.