माझी मान ग्लेनच्या हातात होती

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे आणि मला फार राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कॅनडात, न्यू ब्रन्सविकमधल्या या बंदरगावात आलो. इथल्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमध्ये, अगदी छताखालच्या मचाणावर, एका तिपाईवर मला बसवले आणि ती तिपाई फळीला बोल्टने आवळली. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. प्रशिक्षक लॉर्न माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आता आपल्या पोरांची नशिबं हा ठरवणार!" आज ते शब्द आठवले की अंगाचा तिळपापड होतो.

आमचा संघ म्हणजे एका बड्या संघाची रोपवाटिका. विशी-एकविशीची मुले इथे यायची. त्यांतले आघाडीचे कोणते खेळाडू वर न्यायचे आणि कोणते घरी पाठवायचे, हे बड्या संघाचे ब्रायस साहेब ठरवायचे. हिमवादळातून इकडे यायला साहेबांना सवड नसे. ते लांब शहरात बसून माझ्या टेपा बघायचे. आणि मला फिरवायचा कोण? लॉर्नचा मेहुणा ग्लेन. त्याच्या एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात माझी मान. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, जाईल तिकडे तो मला वळवायचा. पक सोडून बर्फावर आणखीही माणसे असतात, हे त्याच्या गावीही नव्हते.

अशा वेळी आमच्याकडे मातिस आशे आला. कराकेत गावच्या खेकडे पकडणाऱ्या कोळ्याचा हा मुलगा. त्याची जागा प्रतिस्पर्ध्यांच्या गोलासमोर. गोलरक्षकाकडे पाठ करून तो असा ठाण मांडायचा की त्या बिचाऱ्याला पक दिसतच नसे. त्याबद्दल मातिसला घोट्यांवर काठ्या बसायच्या आणि बरगड्यांत कोपरे. मग लांबून कोणीतरी पक हाणायचा आणि गोल व्हायचा. टाळ्या हाणणाऱ्याला! ज्याच्या हाती ससा, तो पारधी. ग्लेन तर मला तोवर त्या हाणणाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवायचा. मार खाणारा मातिस टेपेत आलाच, तर त्याचा एक खांदा यायचा.

त्या वसंतात मातिसचा करार संपत होता. साहेबांनी ठेवून घेतले नाही, तर त्याला बापाच्या होडीवर परत जावे लागणार होते. नेमके तेव्हाच साहेब एकदाचे आले. लॉर्नच्या खोलीत मला टीव्हीला जोडले होते.

"हा सतरा नंबर करतो काय?" साहेबांनी पडद्यावरच्या मातिसच्या खांद्याकडे बोट दाखवून विचारले.

"उभा राहतो, साहेब," लॉर्न म्हणाले. "पण तो उभा असला की गोल होतात."

"उभा तर दिव्याचा खांबही राहतो. खांबाला पगार देतोस का?"

ग्लेन खो खो हसला. त्याच्या मेहुण्याची, लॉर्नची, गंमत चालली होती ना!

"टेपेत दिसत नाही, पण साहेब..."

"टेपेत दिसत नाही म्हणजे नाही. शेवटच्या सामन्याची टेप पाठव. त्यात दाखव, मग बघू."

शेवटच्या सामन्याला रिंकमध्ये इतकी थंडी होती की माझ्या मानेतले वंगण गोठले. मान अडकली, आणि तीही गोलाकडे तोंड करून. "मेल्या, वळ ना!" म्हणत ग्लेनने मला चापट्या मारल्या. मी हललो नाही. पहिल्या आणि शेवटच्या सत्रात आमच्या मुलांची चढाई त्याच गोलावर होती. मित्रांनो, त्या दिवशी मी प्रथमच मातिसला पुरता पाहिले. तो पडत होता, उठत होता आणि पुन्हा तिथेच उभा राहत होता. प्रत्येक गोल त्याच्या पाठीआडून गेला. मला वाटले, पोरगा जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनच्या लेकीचा बर्फावरच्या नाचाचा सराव होता. नवी टेप आणायला दुकानात जायचा त्याला कंटाळा. त्याने ती सामन्याची टेप मागे गुंडाळली आणि तिच्यावरच लेकीच्या गिरक्या भरल्या! लॉर्नला सांगितले, "यंत्र बिघडलं, टेप वाया गेली." साहेबांनी मातिसला नारळ दिला.

मातिस आपल्या काठ्या न्यायला आला, तेव्हा ग्लेन माझे बोल्ट सोडवत होता.

"दादा, कॅमेरा अडकला होता म्हणे. कुठे बघत?"

"कुठे म्हणजे? गोलाकडे. नुसता गोल दिसत होता, दुसरं काही नाही."

मातिस दोन पायऱ्या चढून वर आला. "मग ती टेप दे मला. मी स्वतः नेतो साहेबांकडे."

ग्लेनने पुढचा बोल्ट फिरवायला घेतला. "पुसली रे. मुलीचं स्केटिंग होतं."

"अख्खा हंगाम हा एकदाच माझ्याकडे बघत होता, आणि तू नेमकं तेवढंच पुसलंस?" मातिस ओरडला. त्याने हातातली काठी कठड्यावर आपटून मोडली आणि तो निघून गेला. तो आता खेकड्यांच्या होडीवर आहे. ग्लेन अजून रिंकमध्येच आहे, नव्या कॅमेऱ्याची मान धरून.

मी अडगळीच्या खोलीत पडलो आहे. पण ती टेप अजून माझ्या पोटात आहे, मित्रांनो. मुलीचा नाच सामन्याएवढा लांब नव्हता. तो संपला की शेवटचा गोल येतो. सगळी मुले पक मारणाऱ्याला मिठी मारायला चौकटीबाहेर धावतात, आणि गोलासमोर एकटा मातिस गुडघ्यांवर आपला हातमोजा शोधत असतो. मला झाडून-पुसून ठेवू नका, माझे कौतुकही नको. कोणीतरी ही टेप लावा आणि गिरक्या संपल्या म्हणून बंद करू नका.