दुसऱ्या पसंतीचे फोन

सुनेत्रा टिपणीसला कॅनडातल्या रेजिनात येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिला थंडी सोडून कशाचीही भीती वाटली नव्हती. पुढं पुढं थंडीचंही काही वाटेनासं झालं. नवरा डॉक्टर, तोही असा की अर्ध्या गावाचे कान-घसे त्यानं तपासलेले. लोकांनी शैलेंद्रचा ‘शेल’ केला, सुनेत्राची ‘सनी’ केली आणि दोघांनीही ती नावं कौतुकानं मिरवली. निवडणूक आली की शैलेंद्रनं पक्षाच्या ऑफिसात बसून फोन करायचे आणि सुनेत्रानं कार्यकर्त्यांसाठी बटाटेवडे तळायचे, हे ठरलेलं. पक्ष म्हणजे शैलेंद्रचं दुसरं घर होतं, आणि निवृत्तीनंतर तर पहिलंच म्हणावं लागेल.

२०१९च्या जानेवारीत पक्षाचा इथला उमेदवार ठरायचा होता. उमेदवार निवडायचा तो स्थानिक सभासदांनी, मतं देऊन. शैलेंद्रचा माणूस म्हणजे रॉस कीन. वकील, सज्जन, बोलायला मऊ. त्याच्यासमोर शाळा मंडळावरच्या कॅरलबाई. लढत या दोघांतच व्हायची होती. पण डेल हार्टविग नावाचा तिसराच एक गडी आयत्या वेळी घुसला. रेडिओवर गव्हाचे भाव सांगणारा हा माणूस. पक्षात त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही कुणाला विचारलं नाही.

कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबात, तिथल्या हॉलमध्ये तिघांची पहिली भाषणं झाली. रॉस रस्त्यांवर बोलला, कॅरलबाई दवाखान्यातल्या रांगांवर बोलल्या. हार्टविगनं खिशात हात घातले आणि म्हणाला, आपण दार उघडं ठेवलंय, चांगलं केलंय. पण आत येणाऱ्याला विचारायला नको का, बाबा रे, तू आमच्यासारखा राहणार, की आम्हालाच तुझ्यासारखं करणार? हॉलमध्ये माणसं आपापल्या बुटांकडं बघायला लागली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, तिच्या पाठोपाठ आणखी दोघा-तिघांनी. सुनेत्रा वड्यांचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. ट्रे एकदम जड वाटायला लागला म्हणून तिनं तो टेबलावर ठेवला.

गाडीत शैलेंद्र म्हणाला, “ते आपल्याला नाही म्हणत गं. ब्रॅम्पटनला वगैरे आपल्याकडून हल्ली जे लोंढे येतायत, त्याबद्दल म्हणतोय तो.”

“ब्रॅम्पटनला तुमचा मावसभाऊ राहतो.”

“अगं, तो वेगळा.”

आता हार्टविग निवडून येणार नाही हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण घोडं पेंड खात होतं ते मतपत्रिकेत. तिच्यावर नुसतं एक नाव लिहायचं नसतं, पसंतीचे क्रम लिहायचे असतात, पहिला, दुसरा, तिसरा. ज्याला सगळ्यांत कमी मतं तो बाद होतो आणि त्याच्या माणसांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीला जातात. म्हणजे हार्टविग हरला तरी जिंकणार कोण, हे हार्टविगची माणसं ठरवणार. हे गणित रॉसला कळलं आणि कॅरलबाईंनाही कळलं.

दुसऱ्या सभेत कॅरलबाई म्हणाल्या, हार्टविग म्हणतो त्यावर निदान चर्चा तरी व्हायला हवी. तिसऱ्या सभेत रॉस म्हणाला, लोकांच्या मनातली काळजी आपण समजून घेतली पाहिजे, आपली मूल्यं जपली पाहिजेत. रस्ते आणि दवाखाने कुठल्या कुठं राहिले. हार्टविग कोपऱ्यात खुर्ची टाकून कॉफी पीत बसला होता. त्याला आता बोलायची गरजच उरली नव्हती. त्या दिवशी ओळखीच्या एका बाईनं वडा हातात घेऊन विचारलं, “सनी, व्हॉट एक्झॅक्टली इज इन धिस?” वर्षानुवर्षं तिनं ते वडे आवडीनं खाल्ले होते. सुनेत्रानं हसून सांगितलं, बटाटा.

त्याच आठवड्यात ग्रोसरीच्या दुकानात ती नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट बघता बघता आवाज जरा वाढला असेल. शेजारचा म्हातारा, तिच्याच वयाचा, वाकून अगदी प्रेमानं म्हणाला, “इंग्लिश हिअर, डिअर.” तो ओरडला असता तर तिनं त्याला चांगला झापला असता. ते प्रेमळ डिअर मात्र झापता येण्यासारखं नव्हतं. तिनं कोथिंबीर खाली ठेवली, फोन बंद केला आणि पार्किंगमधल्या गाडीत काचा धुरकटेपर्यंत बसून राहिली.

हे तिनं शैलेंद्रला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एखादा असतो गं तसा, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं. तिनं एवढंच केलं की स्टूल घेतलं आणि दारावरचा आकाशकंदील उतरवला. दिवाळीला लावलेला कंदील त्यांच्याकडं पार मार्चपर्यंत असायचा. अंधार लवकर पडतो, बर्फात छान दिसतो, शेजारीही कौतुक करायचे. शैलेंद्रनं विचारलं, “काढलास का?” ती म्हणाली, “बल्ब गेला.” तो बरं म्हणाला आणि इंजिन गोठू नये म्हणून गाडीचा हीटर प्लगला लावायला बाहेर गेला.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात रॉसच्या माणसांनी फोनवर वाचायचा नवा मजकूर पाठवला. हार्टविगची माणसं कोण ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच सभासदांना फोन करायचे आणि आधी एक प्रश्न वाचायचा. नव्यानं येणाऱ्यांनी आपली जगण्याची रीत मान्य केलीच पाहिजे, असं तुम्हाला वाटतं का? हो म्हणाले की सांगायचं, रॉसलाही अगदी तसंच वाटतं, तर दुसरी पसंती त्याला द्या. शैलेंद्रनं तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. सुनेत्रानं वाचला आणि तिला आतून थंडी वाजली.

“हे तुम्ही वाचायचं नाही.”

“मी कशाला वाचतोय? मी माझ्या भाषेत बोलीन. चाळीस वर्षं बोलतोय या लोकांशी.”

“मला वचन द्या. दुसरं कुणीही वाचू दे. तुमच्या तोंडून हे निघालं, तर या गावात आपलं म्हणून काही राहणार नाही.”

“नाही वाचणार. झालं?” असं म्हणून त्यानं टोपी घातली.

तो गेल्यावर तिनं कुकर लावला. साडेसहालाच बाहेर मिट्ट काळोख झाला होता. घरचा फोन वाजला तसा तिनं हात पुसत उचलला.

“गुड इव्हनिंग. इज धिस मिसेस टिपणीस? धिस इज शेल, कॉलिंग फॉर रॉस कीन.”

तिला आधी गंमत वाटली. यादीतले नंबर कॉम्प्युटर आपोआप लावतो, आणि तीही पक्षाची सभासद होतीच. आलं असेल आपलं नाव. आता म्हणेल, अगं, भात लावलास का. पण तो तसलं काही म्हणाला नाही. पेशंटला वाईट बातमी सांगताना लावायचा त्या आवाजात त्यानं वाचायला सुरुवात केली. “मॅम, डू यू ॲग्री दॅट न्यूकमर्स मस्ट ॲक्सेप्ट अवर वे ऑफ लाइफ?”

त्यानं अख्खा प्रश्न वाचला, एक शब्द न गाळता.

त्याच्या मागं कुणीतरी उभं असणार, असं तिला वाटलं. ती केल्सी, ऑफिस सांभाळणारी मुलगी, दुसरा फोन कानाला लावून ऐकत असणार. ‘नो’ अगदी जिभेवर होतं. पण नावासमोर उत्तराची खूण होते, हे सुनेत्राला ठाऊक होतं. मागच्या निवडणुकीत त्या खुणा तिनंच केल्या होत्या. टिपणीस, नो. कुणी काही करणार नव्हतं, हेही तिला पक्कं कळत होतं. तरी तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं.

“येस,” ती म्हणाली. “ऑफ कोर्स.”

पलीकडं एक कळ दाबल्याचा आवाज आला. मग, “थँक यू, मॅम.”

तो घरी आला तेव्हा भात गार झाला होता. तिनं वाढलं. दोघं जेवायला बसले. तिनंच विचारलं, “केल्सी मागं उभी होती ना?”

“नाही. केल्सी चारलाच घरी गेली. खोलीत मी एकटाच होतो.”

सुनेत्रानं हातातला घास ताटात ठेवला.

“मग का वाचलंत? वचन दिलं होतंत मला.”

“पहिल्यांदा नाही वाचलं. माझ्या भाषेत बोललो.” शैलेंद्र ताटाकडं बघत होता. “तो माणूस म्हणाला, तू मूळचा कुठला? दुसऱ्यानंही तेच विचारलं. त्याच्या मुलाचा कान मी बरा केलाय गं, आवाज नाही ओळखला त्यानं. तिसऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं काही विचारलं नाही. वाचलं की कुणी विचारत नाही. मग वाचतच गेलो. तुझं नाव आलं, आवाज ऐकला, तरी थांबता येईना.” त्यानं मान वर केली. “पण तू हो का म्हणालीस?”

“मला वाटलं, कुणीतरी ऐकतंय.”

मग तिनं त्याला कोथिंबिरीचं, म्हाताऱ्याचं, सगळं सांगितलं. एखादा असतो तसा, असं तो म्हणेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला नाही.

“त्या कंदिलाचा बल्ब नव्हता गेला,” ती म्हणाली.

“माहितीये. बेसमेंटमध्ये मी लावून बघितला, लागत होता.”

“मग परत का नाही लावलात?”

शैलेंद्रनं पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. आवाज उगाचच हलका केला, घरात तिसरं कुणी नसताना.

“तू काढलास,” तो म्हणाला, “तेव्हा मला खरं तर बरं वाटलं.”