तापलेला मी, कुडकुडणारे तुम्ही

न उघडता, न तपासता मला भंगार ठरवलंत! "गेला हा," एवढे दोन शब्द उच्चारलेत आणि खटला संपला. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची रीत असते म्हणे. माझं कोणी ऐकलं नाही, म्हणून आता मीच बोलतोय. मी तरणतलावाचा गॅस हीटर.

तुम्ही पोहायला येता, पण मला पाहिलेलं नसतं. तलावाच्या मागच्या पंपरूममध्ये, जाळीच्या दाराआड मी उभा असतो. तांब्याच्या नऊ नळ्या, त्यांच्यावर पातळ पत्र्यांची झालर, खाली बर्नरची रांग आणि वरून राखाडी पेटी, एवढाच माझा देह. एका कारखान्यात तो जोडला गेला, आणि तिथून थेट मी इथे आलो. चौदा वर्षं झाली.

माझं काम अगदी साधं. पंप तलावातलं पाणी ओढतो आणि गाळून माझ्याकडे ढकलतो. ते माझ्या नळ्यांतून धावत जातं, जाता जाता थोडी ऊब घेतं आणि तलावात परततं. एका फेरीत त्याला फारसा फरक पडत नाही. पण दिवसभर फेऱ्या चालू राहिल्या की सगळा तलाव उबदार होतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसं थेंबे थेंबे तळे तापे!

माणसं मोठी गमतीची असतात. आधी पायाचा अंगठा बुडवतात आणि त्या एका अंगठ्यावरून अख्ख्या तलावाचा निकाल देतात. पाणी छान असलं तर म्हणतात, "आज ऊन चांगलंय." गार असलं तर, "हीटर झोपलाय का?" श्रेय उन्हाला, शिव्या मला.

माझी सगळ्यात लाडकी बॅच सकाळी साडेसातची, ज्येष्ठांची. ही मंडळी पोहत नाहीत. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून गप्पा मारतात आणि त्यालाच व्यायाम म्हणतात. त्यांच्यात एक सर आहेत. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलेलं नाही. त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज कोमट पाण्यात चाला. खंड पडू देऊ नका, नाहीतर पाय आखडेल." तेव्हापासून काकू कडेचा स्टीलचा दांडा धरून चालायच्या. दांडा सोडून समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता. जाळीतून मी रोज त्यांची पावलं मोजायचो.

आणि एका सकाळी माझं काहीतरी बिनसलं.

मी पेटायचो, चार मिनिटांत पोटात खदखद सुरू व्हायची आणि माझा सेफ्टी स्विच मला बंद करायचा. थंड झालो की पुन्हा पेटायचो, पुन्हा खदखद, पुन्हा बंद. "मी फार तापलोय हो!" असं मी माझ्या छोट्या पडद्यावर लिहून दाखवत होतो, आणि बाहेर लोक कुडकुडत होते. दोन-तीन दिवसांत तलावाचं पाणी एकतीस अंशांवरून चोवीसवर आलं. काकू तिसऱ्या पावलालाच थांबल्या. पायात गोळा आला होता. टॉवेल गुंडाळून गेल्या त्या चार दिवस पाण्यात उतरल्याच नाहीत.

तलाव सांभाळणाऱ्या ताईंनी एका माणसाला बोलावलं. तो दारात उभा राहूनच म्हणाला, "गेला हा. नवा घ्या."

सर लगेच पुढे सरसावले. "मी म्हणतच होतो! जुनं यंत्र म्हणजे जुनंच."

ताई म्हणाल्या, "नवा यायला दोन महिने लागतील, सर. मंगळवारपर्यंत हा सुरू झाला नाही, तर सकाळची बॅच बंद ठेवावी लागेल."

दोन महिने! बाकावर बसलेल्या काकूंनी नुसता गुडघा चोळला. मला तो दांडा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तो सोडायची वेळ आता कधी येणारच नाही असं वाटत होतं.

ताईंनी मात्र हार मानली नाही. रविवारी त्या एका मिस्त्रीबाईंना घेऊन आल्या. पन्नाशीच्या, हातात जुनी पेटी, केसांत पेन्सिल खोचलेली. काय झालंय ते बघायला अख्खी बॅच दाराशी जमली होती.

"सगळ्यांनी पाच मिनिटं गप्प बसा," बाई म्हणाल्या. ज्येष्ठांच्या बॅचला असं सांगायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. पण बसले बिचारे!

बाईंनी माझ्या पेटीला कान लावला. खदखद ऐकली. आत येणाऱ्या पाइपवर तळहात ठेवला. तो गार होता. बाहेर जाणाऱ्या पाइपला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"कोण म्हणालं हा गेला? हा जीव तोडून तापतोय. त्याची ऊब न्यायला पुरेसं पाणीच येत नाहीये."

चौदा वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी ओळखलं होतं.

"मग तो सेफ्टी स्विच काढून तारा थेट जोडा ना," सरांनी सुचवलं. "सारखा तोच बंद करतोय."

"सर, चोर आल्यावर कुत्रा भुंकला, तर कुत्र्याचं तोंड बांधायचं का?"

बॅच खो खो हसली.

बाईंनी गॅस बंद करून मला उघडलं. बर्नर ब्रशने घासले. एकात कोळ्याने संसार थाटला होता, त्याला बाहेर पाठवलं. नळ्यांत साचलेले क्षार औषधाने धुऊन काढले. पंपाजवळची गाळणी साफ केली. मग मला पेटवलं. एक मिनिट, दोन, तीन, चार... खदखद, आणि बंद.

मला वाटलं, आता बाईही तेच दोन शब्द म्हणणार.

पण बाई माझ्यामागच्या पाइपवर हात ठेवून भिंतीकडे सरकत गेल्या. अंधाऱ्या कोपऱ्यात एक व्हॉल्व्ह आहे. त्याच्या सगळ्या अंगावर धूळ होती, पण दांडी बोटांनी पुसल्यासारखी स्वच्छ. आणि ती जवळजवळ बंद होती.

"हा कोणी फिरवला?"

कोणी छताकडे बघायला लागलं, कोणी चपलांकडे. शेवटी सरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"मी."

"तुम्ही?" ताई ओरडल्याच.

"घरी गीझरचा नळ बारीक केला की कढत पाणी येतं. मला वाटलं, इथेही तसंच होईल. ही म्हणाली होती ना, पाणी अजून थोडं गरम असतं तर पाय मोकळा झाला असता..."

मिस्त्रीबाईंचा आवाज जरा मऊ झाला. "सर, गीझरखाली एक बादली भरायची असते. इथे तळं तापवायचंय. पाणी भरभर फिरलं तरच ते ऊब घेऊन जाणार. अडवलंत तर पाणी नळीतच उकळणार."

"तेहतीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष," सर पुटपुटले.

"अहो, घरात मी तुम्हाला मिक्सरच्या बटणाला हात लावू देत नाही," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही इथे येऊन तळं तापवायला निघालात!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या हसतही होत्या.

बाईंनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काय सांगू! पाणी असं घुसलं, जशी शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून धावत सुटतात. खदखद थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, मी पेटलेलाच! केसांतली पेन्सिल काढून बाईंनी एक पुठ्ठा लिहिला आणि व्हॉल्व्हला बांधला: 'हात लावू नये. सरांनी तर मुळीच नाही.'

मी काही पुन्हा नवा झालेलो नाही. माझ्या पेटीवर गंज आहे, आणि एक दिवस मी खरोखरच जाणार आहे. त्या दिवशी खुशाल भंगारात घाला, माझी तक्रार नसेल. पण त्याआधी मी असो, पंखा असो, नाहीतर एखादा थकलेला माणूस असो, "गेला" म्हणण्याआधी एकदा जवळ या. कान लावा. हात लावून बघा. घाई असेल तुम्हाला, पण एवढी कसली?

मंगळवारी सकाळी पाणी एकतीस अंशांवर होतं. सर समोरच्या भिंतीपाशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. काकूंनी दांड्यावरून आधी एक बोट सोडलं, मग दुसरं, मग सगळा हात. एक पाऊल. चार. नऊ. पाणी त्यांच्याभोवतीच्या लाटा घेऊन माझ्याकडे धावत येत होतं. अकराव्या पावलाला त्यांनी सरांचे हात पकडले आणि अख्खी बॅच पाणी उडवत ओरडायला लागली.

वर खुर्चीत बसलेल्या जीवरक्षकाने शिट्टी तोंडातून काढली. "काकू, जरा सावकाश! तलावावर पळायला बंदी आहे."