कपाटाने जपलेली साक्ष

मित्रांनो, गोंदियाजवळ फुलचूरला एक राईस मिल आहे. तिच्या ऑफिसात खिडकीशेजारी उभे असलेले हिरवे लोखंडी कपाट म्हणजे मी. गोंदियाच्याच एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवले. पहिली काही वर्षे माझ्यात रिकामी पोती आणि कोंड्याची धूळ एवढेच होते. मग हिशेब सांभाळायला अल्काताई आल्या. त्यांनी मला पुसले, कडुलिंबाचा पाला ठेवला आणि कागद लावायला सुरुवात केली.

एकदा मालक ईश्वरदासजींनी तांदळातले काळे दाणे कॅमेऱ्याने हेरून निवडणारे यंत्र परदेशातून मागवले. मी खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्यांपलीकडे काही पाहिलेले नाही. समुद्र ओलांडून आलेल्या मालाचे कागद माझ्या कप्प्यात आले, तेव्हा माझा पत्रासुद्धा शहारला.

यंत्र मात्र चांगले दाणेही फेकू लागले. मिस्त्री सेवकरामभाऊंनी पुष्कळ खटपट केली, पण शेवटी ते परत पाठवायचे ठरले. परदेशी मालावर सरकार सीमाशुल्क घेते. तोच माल परत गेला, तर त्यातले बरेचसे परत मिळते. पण माल तोच आहे, हे कागदांनी दाखवावे लागते. अल्काताईंनी सीमाशुल्क, म्हणजे कस्टम, खात्याकडे अर्ज केला. तिकडून प्रश्न आला: कॅमेऱ्याचा नंबर बिलाशी जुळत नाही, मग यंत्र तेच कशावरून?

ईश्वरदासजींनी सेवकरामभाऊंना बोलावले. "यंत्र तूच खोललं होतं. असली कॅमेरा कुठं गेला?"

"कॅमेऱ्याले म्या हातबी नाही लावला जी. एवढे वर्स इथं काम करून राहिलो, आता मले चोर म्हनता काय?" सेवकरामभाऊंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ते दाराकडे वळले.

"थांबा भाऊ," अल्काताई म्हणाल्या. "जाऊन काऊन राहिले? पहिले कागद तं पाहू द्या."

त्यांनी माझे दार उघडले. नागपूरला यंत्राची पेटी पहिल्यांदा फोडली, तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याने केलेल्या तपासणीची प्रत त्यांनी जपून ठेवली होती. कॅमेऱ्यावर होता तोच नंबर तिच्यात लिहिलेला होता. चूक बिल करणाऱ्याची होती. मिलमध्ये येण्याआधीपासून कॅमेरा तोच होता.

ईश्वरदासजींनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग उठून किल्ल्या सेवकरामभाऊंच्या हातात दिल्या. "माझं चुकलं, सेवकराम."

सेवकरामभाऊंनी डोळे पुसले आणि ते कामावर गेले. पुढे शुल्कही परत मिळाले.

मी मात्र अजून थक्क आहे. त्या अधिकाऱ्याने सेवकरामभाऊंना कधी पाहिले नव्हते. त्याने फक्त एक आकडा नीट लिहिला, अल्काताईंनी तो सांभाळला आणि एका भल्या माणसाची मान ताठ राहिली.

आता बरेच कागद कॉम्प्युटरमध्ये राहतात. माझा रंग उडाला आहे, एक पाय गंजला आहे. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, जुने कपाट भंगारात देण्याआधी त्याचा प्रत्येक कप्पा एकदा उघडून पाहा. रद्दी समजून तुम्ही जो कागद फाडायला घ्याल, त्यावर कोणाची तरी अब्रू टेकलेली असेल.