गोड्या पाण्यातली बाटली

नवरा जाऊन दोन महिने झाले तरी बाईंच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं, आणि त्याची काळजी बाईंपेक्षा प्रयोगशाळेलाच जास्त लागली होती. मागायच्या आत चहा टेबलावर यायचा. त्या आत आल्या की हसणारे गप्प व्हायचे आणि गप्प बसलेले उगाच हवापाण्यावर बोलायचे. बाई सगळ्यांना बरं म्हणायच्या, चहा प्यायच्या आणि कामाला लागायच्या. जेवणाला चव नव्हती, आणि चव नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याने शेवटचं बनवलेलं पॉलिमर टिकायला हवं होतं.

दोघंही याच प्रयोगशाळेतले. तो पॉलिमर बनवायचा आणि बाई त्याची परीक्षा घ्यायच्या. घरीही हीच वाटणी आहे, असं लोक म्हणत. जुन्या तेलविहिरीत खडकाला चिकटून बरंच तेल मागे राहतं. नुसतं पाणी दाबलं तर ते तेलाला बगल देऊन सटकतं. पाणी दाट केलं तर मात्र तेल मुकाट्याने पुढे सरकतं, आणि ते दाटपण आणायला पॉलिमरची पावडर. पण खाली जमिनीत चटका देणारी उष्णता आणि समुद्राहून खारट पाणी. तिथे भल्याभल्या पावडरी माना टाकतात. म्हणून नमुना आधी तसल्याच खाऱ्या पाण्यात विरघळवायचा, बाटली हवा काढून सील करायची आणि आठवडेच्या आठवडे ओव्हनमध्ये शिजत ठेवायची.

"हे टिकणार बघ," असं तो दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला होता. बाई रजेवर होत्या, त्यामुळे बाटली भरली ती त्याच्या मित्राने. या मित्राला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो कधी बंद होत नसे. बाईंचा नवरा गेल्यापासून तोही बंदच होता. पॉलिमर टिकलं तर कारखान्यात जाणार होतं, विहिरीत उतरणार होतं. नवऱ्याचं काहीतरी चालू राहणार होतं.

बाटली उघडली तेव्हा सगळे भोवती जमले. यंत्राचा आकडा पाहून साहेबांनीच आधी टाळ्या वाजवल्या. इतका दाटपणा त्या प्रयोगशाळेत कुणी पाहिला नव्हता. बाई हसल्या, कारण हसायला हवं होतं. आत काहीच झालं नाही. मग त्या स्वतःलाच घाबरल्या. एवढी एकच गोष्ट मागितली होती, ती मिळाली, तरी आपण अशा दगडासारख्या कशा?

सगळे पांगल्यावर त्यांनी काचेची कांडी बाटलीत बुडवून वर उचलली. लांबच लांब तार निघाली, तुटेचना. खाऱ्या पाण्यात इतकी तार येत नाही. मिठाने पॉलिमर आखडतं, हे बाईंच्या हाडीमासी मुरलेलं. त्यांनी थोडं द्रावण काचनळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. मीठ असतं तर दह्यासारखं पांढरं फुटलं असतं. द्रावण तसंच नितळ राहिलं.

रेडिओ दारातच घुटमळत होता.

"भाऊजी, यात मीठ नाही."

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. दोन बाटल्या भरल्या होत्या, एक खाऱ्या पाण्यातली आणि तुलनेसाठी एक गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यातली मध्येच ओव्हनच्या काचेतून दिसली, तेव्हाच पॉलिमर फुटून तळाशी बसू लागलं होतं. मग त्याने गोड्या पाण्यातली पुढे केली.

"वहिनी, तुमच्या चेहऱ्यावर एकदा तरी काही दिसावं असं वाटलं."

"तो असताना त्याची चूक तुम्ही तोंडावर सांगायचात," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता गेला म्हणून पास करताय? खरी बाटली आणा."

ती त्याच्या कपाटात होती. टाकून द्यायला त्याचा हात धजला नव्हता. तळाशी पांढरा चोथा बसला होता आणि वर नुसतं पाणी. बाईंनी तरीही नेहमीसारखं नितळ पाणी वेगळं काढलं, यंत्रात घातलं आणि आकडा दोनदा पाहिला. मग जुना निकाल खोडून नमुन्यापुढे 'नापास' लिहिलं.

रेडिओला काय करावं सुचेना, म्हणून तो गोड्या पाण्यातली बाटली सिंकमध्ये रिकामी करायला लागला. ते बुळबुळीत द्रावण जाईना, काठाला लोंबत राहिलं. त्याने नेहमीप्रमाणे त्यावर मूठभर मीठ टाकलं, तसं ते सैल पडून वाहून गेलं. नळ चालू होता, पाठ बाईंकडे होती, आणि नमुना नापास झाला की गेली कित्येक वर्षं जे तोंडून निघायचं तेच सवयीने निघालं.

"मग पुढची बॅच कधी घेतोय म्हणाला?"

त्याने नळ बंद केला. मागे वळायची त्याला हिंमत होईना.

प्रत्येक नापास पॉलिमर नवरा दुसऱ्या दिवशी शिव्या घालत नव्याने करायला घ्यायचा. रात्री ताटावरही त्याचंच बोलणं असायचं. बाई कंटाळून भात वाढायच्या. आज त्याच्याकडे जाऊन 'पडलं तुझं' असं सांगायचं होतं, आणि सांगायला तोच उरला नाही, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं.

बाई स्टुलावर बसल्या. पहिला हुंदका त्यांना ठसक्यासारखाच वाटला. रेडिओ पाण्याचा पेला घेऊन आला, पण त्यांना तो धरता येत नव्हता, म्हणून तो तसाच हातात घेऊन त्यांच्याजवळ उभा राहिला.